मुंबईत चार दिवस आणि हॉटेलचा अपग्रेड झालेला सूट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोर्टातल्या एका हॉटेलच्या रिसेप्शनवर नऊ वर्षं काम केलं. आता पुण्यात राहते आणि वर्षातून एकदा तरी घरच्यांना घेऊन दक्षिण मुंबईत मुक्कामाला जाते. निघण्याआधी नात्यातले आणि सोसायटीतले लोक मला जे विचारतात, ते सगळं इथे एकत्र केलं आहे. हॉटेलागणिक नियम थोडे बदलतात. कराचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेले आहेत.

सूट म्हणजे नुसती मोठी खोली का?

नाही. खऱ्या सूटमध्ये बैठकीची खोली वेगळी असते, झोपायची वेगळी, आणि मधे बंद होणारं दार असतं. ‘ज्युनिअर सूट’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक ठिकाणी एकच प्रशस्त खोली असते. कोपऱ्यात सोफा असतो, मधे भिंत नसते. जोडप्याला ते पुरतं. पण आजी रात्री नऊला झोपणार आणि नातवंडं अकरापर्यंत जागी राहणार असतील, तर त्या मधल्या दाराचेच पैसे आहेत. म्हणून फोनवर चौरस फूट विचारू नका, “मधे दार आहे का?” एवढं विचारा.

आणखी एक. हॉटेलातली माणसं या शब्दाचा उच्चार ‘स्वीट’ करतात. फोनवर तुम्ही “सूट मिळेल का?” म्हणालात, तर पलीकडच्या मराठी मुलाला तुम्ही दरात सवलत मागताय असंच वाटेल.

फुकटचा अपग्रेड नेमका कोणाला मिळतो?

बऱ्याच जणांना वाटतं की हे रिसेप्शनवरच्या माणसाच्या मर्जीवर असतं. मर्जीचा भाग थोडा असतो, पण मुळात हे गणित आहे. रोज काही बुकिंग रद्द होतात, काही पाहुणे न कळवता येतच नाहीत. म्हणून हॉटेलं साध्या खोल्या असतात त्यापेक्षा थोड्या जास्त विकतात. एखाद्या दिवशी सगळेच आले की साध्या खोल्या कमी पडतात आणि वरच्या वर्गातल्या रिकाम्या राहतात. मग कुणाला तरी वर सरकवावंच लागतं.

कुणाला सरकवायचं याची यादी आदल्या रात्रीपासून दुपारपर्यंत तयार होत असते. वारंवार येणारे पाहुणे आणि हॉटेलसाखळीचे सभासद आधी येतात. त्यानंतर थेट हॉटेलकडे बुकिंग केलेले. ॲपवरून स्वस्तात घेतलेलं बुकिंग बहुधा शेवटी राहतं. एका रात्रीच्या मुक्कामाला अपग्रेड देणं सोपं असतं, कारण सूट तीन रात्री सलग रिकामा असेलच असं नाही. आमच्याकडे चार रात्रींच्या पाहुण्याला सूट द्यायचा म्हटलं की चारही दिवसांचा तक्ता पाहावा लागायचा, आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी तो आधीच घेतलेला निघायचा.

दिवस कोणता, हेही फार महत्त्वाचं. नरिमन पॉइंट आणि फोर्टातली हॉटेलं सोमवार ते गुरुवार कामानिमित्त आलेल्यांनी भरतात. शुक्रवार ते रविवार त्यामानाने सैल असतो. पावसाळ्यात शक्यता वाढते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आशाच ठेवू नका. आणि पंचांग जरूर पाहा. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की मोठ्या हॉटेलांतले सूट वधूवरांच्या घरच्यांसाठी अडकलेले असतात.

मागायला संकोच वाटतो. काय म्हणायचं?

मुक्कामाच्या तीन-चार दिवस आधी हॉटेलला छोटी ईमेल करा. कोण कोण येणार, किती वयाचे, कशासाठी येताय आणि काय मिळालं तर बरं वाटेल, हे चार ओळींत लिहा. पोहोचल्यावर काउंटरवर एकदाच, हसून विचारा: “आमची ईमेल पाहिलीत का? वरच्या वर्गात काही रिकामं असेल तर आवडेल.” एवढं पुरे. नाही म्हणाले तर तिथेच थांबा. मागे रांग असताना मोठ्याने मागू नका. तुम्हाला दिलं तर मागच्यालाही द्यावं लागेल, म्हणून काउंटरवरचा माणूस नाहीच म्हणतो.

लग्नाचा वाढदिवस नसताना ‘आहे’ म्हणून सांगू नका. ओळखपत्रांवरच्या तारखा आमच्यासमोर असतात. आणि खरा प्रसंग असतो तेव्हा तुमच्या तोंडावर तो दिसतो. वडिलांची पंचाहत्तरी म्हणून आलेल्या कुटुंबाला काही द्यावं असं आम्हा काउंटरवरच्या माणसांनाही मनापासून वाटतं.

पैसे भरून अपग्रेड घ्यावा का?

कधीकधी जरूर घ्यावा. पण आधी कर मोजा, कारण इथे चांगली शहाणी माणसं फसतात. एका रात्रीचा दर ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के. त्याच्या वर गेलात की पूर्ण रकमेवर १८ टक्के.

समजा, तुमची खोली ७,२०० रुपयांची आहे. करासह ७,५६० होतात. काउंटरवर सांगतात, “फक्त तीन हजार जास्त भरा, सूट देतो.” आता दर झाला १०,२००, त्यावर १८ टक्के म्हणजे १,८३६, एकूण १२,०३६. म्हणजे तुम्ही तीन हजार नव्हे, ४,४७६ रुपये जास्त भरताय. मूळ खोलीच ७,५०० च्या वरची असेल तर हा धक्का बसत नाही, कारण १८ टक्के आधीपासूनच लागत असतात. म्हणून नेहमी विचारा: “कर धरून एकूण किती?”

फुकट अपग्रेडमध्ये कर वाढत नाही. तुम्ही प्रत्यक्ष जो दर भरता त्यावरच तो लागतो, सूटच्या छापील दरावर नाही.

अपग्रेड मिळाला की लाउंज, बटलर, नाश्ता हेही मिळतं का?

बहुधा नाही. खोली बदलते, बुकिंगमधल्या सोयी मूळच्याच राहतात. काउंटरवर स्पष्ट विचारून घ्या.

मिळालेला अपग्रेड नाकारता येतो का?

येतो, आणि कधीकधी नाकारावाच. हे मी स्वतःच्या घरच्या अनुभवावरून सांगते. वडिलांच्या पंचाहत्तरीला आम्ही कुलाब्यातल्या एका हॉटेलात उतरलो. मोठ्या आपुलकीने त्यांनी आम्हाला वरच्या मजल्यावरचा सूट दिला. बैठकीची खोली सुरेख, खिडकीत बंदर. संध्याकाळी वडील आंघोळीला गेले आणि दहा मिनिटांनी तसेच बाहेर आले. आत फक्त बाथटब होता. त्याची कड गुडघ्याच्या वर, धरायला दांडी नाही. त्यांचे गुडघे गेली आठ वर्षं दुखतात. ते कुणाला काही बोलले नाहीत, “उद्या करतो आंघोळ” म्हणाले. मी नऊ वर्षं या धंद्यात काढलेली, आणि पाहायची पहिली गोष्ट मीच पाहिली नव्हती. त्या रात्री आम्ही खालच्या मजल्यावर, सपाट शॉवर असलेल्या साध्या खोलीत गेलो.

तेव्हापासून सामान वर पाठवण्याआधी मी स्वतः खोली पाहून येते. कुणीही नाही म्हणत नाही. काय पाहायचं: शॉवर सपाट आहे की टबात चढायचं आहे, पलंग एक मोठा आहे की दोन वेगळे, शेजारच्या खोलीला जोडणारं दार आहे का (त्यातून आवाज येतो), लिफ्ट किती लांब, आणि तो मजला धूम्रपानाचा तर नाही ना. भावा-बहिणींनी दोन पलंग मागितले असतील आणि सूटमध्ये एकच मोठा पलंग असेल, तर तो अपग्रेड तुमच्या कामाचा नाही.

समुद्र दिसणारा सूट घ्यायचा आहे. कोणता भाग चांगला?

कोणता समुद्र हवा ते आधी ठरवा. मुंबईच्या या टोकाला दोन्हीकडे पाणी आहे. मरीन ड्राइव्ह पश्चिमेकडे तोंड करून आहे, तिथे सूर्यास्त. गेटवेची, म्हणजे अपोलो बंदराची बाजू पूर्वेला आहे, तिथे सूर्योदय आणि दिवसभर बोटींची ये-जा.

मी स्वतः पूर्व निवडते. संध्याकाळी आपण बाहेरच असतो, सूर्यास्त मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसूनही दिसतो, आणि तो फुकट आहे. सकाळी साडेसहाला चहाचा कप घेऊन खिडकीशी बसलेल्या आई-वडिलांसमोर बंदर हळूहळू उजळतं, ते मात्र खोलीतूनच पाहावं. पावसाळ्यात माझं मत उलट असतं. तेव्हा पश्चिम घ्या. महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचा इशारा देते, त्या दिवशी मरीन ड्राइव्हच्या लाटा काचेमागून, कोरड्या पायांनी पाहता येतात.

तिसरा पर्याय फार कुणी विचारत नाही: ओव्हल मैदानाकडची खिडकी. एका बाजूला १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, समोर आर्ट डेको शैलीतल्या, गोल सज्ज्यांच्या इमारती, मधे क्रिकेट. २०१८ मध्ये हा सगळा परिसर जागतिक वारसा झाला.

डेक्कन क्वीनने १०.२५ ला पोहोचतो आणि खोली दोनला मिळते. मधे काय करायचं?

हा पुणेकरांचा पहिला प्रश्न. नाशिकहून पंचवटीने येणाऱ्यांचाही हाच, आणि महालक्ष्मीने सकाळी लवकर उतरणाऱ्या कोल्हापूरकरांचा तर अधिकच.

थेट हॉटेलात जा, ओळखपत्रं द्या, नोंदणी पुरी करून घ्या, सामान बेल डेस्कवर, म्हणजे सामान सांभाळणाऱ्या काउंटरवर, ठेवून पावती घ्या. औषधं आणि दागिने मात्र स्वतःजवळ. फोन नंबर द्या आणि सांगा, “खोली तयार झाली की कळवा.” नोंदणी झालेल्या पाहुण्याचं नाव हाउसकीपिंगच्या यादीत वर जातं. लॉबीत बसून दर पंधरा मिनिटांनी विचारण्यापेक्षा याचा जास्त उपयोग होतो.

मग चाला. काळा घोड्याला एस्प्लनेड मॅन्शन आहे, जुनं वॉटसन हॉटेल. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून इथे आणून उभारला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं भारतात पहिल्यांदा इथेच दाखवली गेली. शहरातली हॉटेलची सुट्टी सुरू करायला याहून योग्य जागा मला माहीत नाही. तिथून गेटवेपर्यंत रमतगमत जा. ताजची जुनी इमारत १९०३ ची आहे आणि गेटवेचं काम १९२४ मध्ये पूर्ण झालं. म्हणजे हॉटेल आधी आणि दरवाजा नंतर. मुलांना हे सांगितलं की ती दोन्ही इमारती नीट पाहतात.

खाणं जड करू नका. सीएसएमटीसमोर आराममध्ये वडापाव, नाहीतर धोबीतलावला १९०४ पासून चालू असलेल्या क्यानीत बनमस्का आणि चहा.

विमानाने येत असाल तर टॅक्सीचा हट्ट सोडा. ‘मेट्रो ३’ ही मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. विमानतळावरून हुतात्मा चौक, चर्चगेट किंवा विधान भवन स्टेशनला सरळ उतरता येतं.

सूट मिळाला तर दिवस कसा आखायचा?

हा प्रश्न लोक सर्वांत कमी विचारतात, आणि माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. आपल्याकडे सहल म्हणजे पहाटे बाहेर पडायचं आणि रात्री पाय ओढत परत यायचं. साध्या खोलीत ते ठीक आहे, तिथे फक्त पाठ टेकायची असते. सूट मिळाल्यावरही तसंच केलं तर त्या बैठकीच्या खोलीत कुणी बसतच नाही. नऊ वर्षांत मी असे कितीतरी सूट पाहिले. चेकआउटनंतर हाउसकीपिंगची मुलगी सांगायची, “सोफ्यावरच्या उशा हललेल्यासुद्धा नाहीत.”

म्हणून दिवसाचे दोन तुकडे करा. सकाळी नऊ ते एक बाहेर, दुपारी परत, पाचनंतर पुन्हा बाहेर. त्या मधल्या चार तासांत कुणाला झोपायचं असेल त्याने आत झोपावं, दार लावावं, आणि बाकीच्यांनी बाहेरच्या खोलीत पत्ते काढावेत. बहिणी-बहिणी वर्षानुवर्षं लग्नकार्यांत भेटतात, पण तिथे कुणी निवांत बसत नाही. माझी आई आणि मावशी अशाच एका दुपारी तीन तास बोलत बसल्या. त्यांच्या लहानपणीच्या गिरगावातल्या चाळीबद्दल मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्या दिवशी आम्ही घारापुरी रद्द करून गिरगावात गेलो, खोताच्या वाडीतून चाललो.

घारापुरीला जाणारच असाल तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात. बोटीला जवळपास तास लागतो आणि वर चढायला बऱ्याच पायऱ्या आहेत. त्या दिवशी संध्याकाळचा कार्यक्रम ठेवू नका. एरवी एखादी संध्याकाळ नाटकाला द्या. दादरचं शिवाजी मंदिर लोकलने जवळ आहे.

डोंबिवलीची मावशी, ठाण्याचे काका भेटायला येणार. चालतं का?

चालतं, आणि सूटमध्ये बसायला जागा असल्यामुळे शोभतंही. बहुतेक हॉटेलांत पाहुण्यांनी खाली ओळखपत्र दाखवून नोंद करावी लागते आणि रात्री ठरावीक वेळेआधी निघावं लागतं. येणार असतील त्यांची नावं सकाळीच काउंटरवर देऊन ठेवा. सत्तरीच्या काकांना लॉबीत उभं राहून चौकशीला उत्तरं द्यावी लागली की त्यांना अपमान वाटतो, आणि तो टाळणं इतकं सोपं आहे. पाच-सहा जणांना रूम सर्व्हिसचा चहा महाग पडतो. मी चहाची किटली खोलीतच वापरते आणि जास्तीचे कप, दूध मागवून घेते.

खोलीत पूजा, घरचा डबा?

डबा, लाडू, चिवडा खुशाल न्या. निरांजन आणि उदबत्ती मात्र लावू नका. छतावर धुराचा सेन्सर असतो आणि तो वाजला की सगळा मजला बाहेर येतो. आई रोज दिवा लावतेच, म्हणून मी बॅटरीवरचा छोटा दिवा नेते. तिने तो मनापासून स्वीकारला आहे.

ओळखपत्र कोणतं? अमेरिकेतला भाऊही येणार आहे.

प्रत्येक प्रौढाचं आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट. पॅनवर पत्ता नसतो, ते चालत नाही. भाऊ परदेशी नागरिक झाला असेल तर त्याचा पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) लागेल. परदेशी पाहुण्याची माहिती हॉटेलला २४ तासांत सरकारकडे नोंदवावी लागते. त्याचं मूळ गाव सातारा असलं तरी हे चुकत नाही. त्याला आधीच सांगून ठेवा.

डिपॉझिट म्हणून कार्डवर रक्कम अडकवतात ती परत मिळते ना?

मिळते. क्रेडिट कार्डवर ती फक्त राखून ठेवतात. डेबिट कार्डातून किंवा यूपीआयने दिली तर पैसे खरोखर जातात आणि परत यायला काही दिवस लागतात. सूटला ही रक्कम मोठी असते. प्रवासात रोख लागणारं खातं यासाठी वापरू नका.

विसर्जन पाहायला मरीन ड्राइव्हवर सूट घ्यावा का?

अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीकडे जाणारे रस्ते वाहनांसाठी बंद होतात. आदल्या दिवशी येऊन राहणार असाल तरच घ्या. खोली समोरच्या बाजूची आहे हे लेखी मिळवा. रात्र जागरणाची असते, ढोल-ताशे थांबत नाहीत. लहान बाळ बरोबर असेल तर आमच्या घरी आम्ही तो दिवस टाळतो.

बिलात सर्व्हिस चार्ज असतो. द्यावाच लागतो का?

सक्ती करता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये कायम ठेवल्या. शांतपणे काढायला सांगा. त्याऐवजी खोली आवरणाऱ्या व्यक्तीच्या हातात काही द्या, आणि ते शेवटच्या दिवशी न देता रोज द्या, कारण त्यांच्या पाळ्या बदलतात. सूट आवरायला साध्या खोलीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो.

चेकआउट बाराला, आणि परतीची डेक्कन क्वीन ५.१० ला. सूट दुपारपर्यंत ठेवता येईल?

त्या संध्याकाळी सूटला दुसरं बुकिंग नसेल तर दोनपर्यंत बहुधा मिळतो. आदल्या रात्री विचारा, सकाळी नाही. दुसऱ्या दिवशी कोण येणार हे रात्रीपर्यंत हॉटेलला कळलेलं असतं. नाही मिळाला तर सामान बेल डेस्कवर ठेवा आणि साडेचारला निघा.

खोली सोडताना तिजोरी उघडी करून पाहा, मग बैठकीच्या खोलीतले प्लग पाहा. सूटमध्ये विसरलेले चार्जर बहुतेक सोफ्यामागेच सापडायचे. आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर मिनीबारचा फ्रिज उघडा. इन्सुलिन तिथेच राहतं. आमच्याकडे अशी पाकिटं नाव लिहून काउंटरमागच्या फ्रिजमध्ये जपून ठेवत असू, पण पाहुणा तोवर कर्जतच्या पुढे गेलेला असायचा. आता मी मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी दाराच्या आतल्या मुठीला एक चिठ्ठी बांधते. त्यावर एवढंच लिहिलेलं असतं: फ्रिज.